स्वाक्षरीकर्ता आणि पक्ष : एका शब्दाचा अर्थ व उपयोग

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यानिमित्त जयपूर येथे आलेल्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : 'भारत या कराराचा स्वाक्षरीकर्ता देश आहे.' पर्यावरण असो, मानवी हक्क असोत, अण्वस्त्रे असोत वा जागतिक वारसा असो, हे वाक्य सर्वत्र चालते असा एक समज आहे. वास्तविक काही करारांच्या बाबतीत ते बरोबर असते, काहींच्या बाबतीत अपुरे असते आणि काहींच्या बाबतीत सरळ चुकीचे असते. स्वाक्षरी करणारा आणि करार पाळण्यास बांधला गेलेला, या दोन निरनिराळ्या भूमिका आहेत. त्या कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. त्यावर माणसांचे हक्क, गावांचे नागरिकत्व आणि सरकारांची जबाबदारी अवलंबून असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

शब्दांची पार्श्वभूमी

प्रथम शब्दांकडे वळू. जयपूरमध्ये आपण बँकेत किंवा कार्यालयात गेलात तर 'यहाँ हस्ताक्षर करें' असे लिहिलेले दिसेल. हिंदीत 'हस्ताक्षर' म्हणजे सही. मराठीत मात्र 'हस्ताक्षर' म्हणजे हाताचे वळण, लिहिण्याची धाटणी. एखाद्याचे हस्ताक्षर मोत्यासारखे असते, ते सहीबद्दल आपण म्हणत नाही. म्हणून हिंदीतील 'हस्ताक्षरकर्ता' हा शब्द मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी 'स्वाक्षरीकर्ता' हा शब्द रूढ आहे, आणि बोलीत 'सही करणारा'. हिंदी संदर्भग्रंथांवरून मराठीत उत्तर लिहिणाऱ्यांनी हे विशेषकरून ध्यानात ठेवावे.

'सही' हा शब्द मूळचा अरबी. 'खरे, बरोबर' हा त्याचा अर्थ. आजही आपण 'सहीसलामत' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ डोकावतो. अर्थात सही करणे म्हणजे मजकूर खरा आहे असे म्हणणे. याहून पुढचा टप्पा दर्शविणारा एक सुंदर शब्द मराठ्यांच्या राज्यकारभाराने आपल्याला दिला आहे, तो म्हणजे 'शिक्कामोर्तब'. पत्राच्या आरंभी मुद्रा, म्हणजे शिक्का, आणि मजकूर संपल्यावर शेवटी मोर्तब उमटवली जाई. मोर्तबेपुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा तिचा हेतू. आजही 'मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले' असे वृत्तपत्रे लिहितात, तेव्हा त्यांना सहीपेक्षा अधिक काही सांगावयाचे असते. आंतरराष्ट्रीय कायद्यात ज्याला 'अनुसमर्थन' म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा हा आपला शब्द होय.

जयपूर, मराठे आणि सहीचे चार प्रकार

आपण ज्या नगरीत आहोत तिचा आणि मराठ्यांचा संबंध करारमदारांतून घडलेला आहे. जयपूर शहर सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविले. त्यापूर्वी कछवाहा घराण्याची राजधानी आमेर होती. याच घराण्यातील मिर्झाराजे जयसिंह यांच्याशी छत्रपती शिवाजी महाराजांनी जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. २३ किल्ले मोगलांकडे गेले, १२ महाराजांकडे राहिले. या तहाच्या वाटाघाटी मिर्झाराजांनी केल्या, परंतु ते स्वतः त्या तहाचे पक्ष नव्हते. ते बादशहाचे अधिकारप्राप्त प्रतिनिधी होते. तहाला पूर्णत्व आले ते औरंगजेबाचे फर्मान आल्यावर. वाटाघाटी करणारा एक आणि मान्यता देणारा दुसरा, ही रचना आपल्याला येथे स्पष्ट दिसते. हा सहीचा पहिला प्रकार : प्रतिनिधीची सही.

दुसरा प्रकार पुढच्याच वर्षी दिसतो. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याच्या दरबारात गेले आणि नंतर नजरकैदेत पडले, तेव्हा मिर्झाराजांचे पुत्र कुंवर रामसिंह यांच्याकडून बादशहाने महाराजांविषयी जामीन लिहून घेतला. ही सही कोणाच्या वतीने केलेली नव्हती. रामसिंहांनी स्वतःला बांधून घेतले होते. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि त्याची किंमत रामसिंहांना मोजावी लागली. दरबार बंद झाला, मनसब गेली. प्रतिनिधी म्हणून सही करणाऱ्याला आणि जामीन म्हणून सही करणाऱ्याला एकाच मापाने मोजता येत नाही, हे यावरून कळते.

याच जामीनकीचे मराठ्यांच्या बाजूने दिलेले उदाहरण १७४१ चे आहे. त्या वर्षी धौलपूर येथे नानासाहेब पेशवे आणि सवाई जयसिंह यांची भेट झाली आणि माळव्याच्या नायब सुभेदारीचा प्रश्न मार्गी लागला. पेशवे बादशहाशी एकनिष्ठ राहतील, न राहिल्यास आपण त्यांची चाकरी सोडू, अशी लेखी हमी राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव या सरदारांनी दिली. करार पेशव्यांचा, हमी सरदारांची.

तिसरा प्रकार साळबाईच्या तहात आहे. १७ मे १७८२ रोजी इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे यांनी तहावर सह्या केल्या. वॉरन हेस्टिंग्जने त्याला जून १७८२ मध्ये मान्यता दिली. पुण्यात मात्र नाना फडणीसांनी घाई केली नाही. पेशव्यांच्या बाजूचे शिक्कामोर्तब पूर्ण होऊन कागदांची देवघेव झाली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये. सही आणि मान्यता यांमधील हे नऊ महिने राजकीय विचाराचा अवकाश होता आणि नानांनी तो जाणीवपूर्वक वापरला. शिवाय महादजींची भूमिका दुहेरी होती. ते पेशव्यांचे प्रतिनिधी होते आणि तहाच्या पालनाची उभयपक्षी हमी देणारेही होते. एकाच सहीत दोन नाती सामावू शकतात, ती अशी.

चौथे उदाहरण खुद्द जयपूर राज्याचे. २ एप्रिल १८१८ रोजी दिल्ली येथे ईस्ट इंडिया कंपनी आणि जयपूर यांच्यात तह झाला. कंपनीतर्फे चार्ल्स मेटकाफ आणि महाराजा सवाई जगतसिंह यांच्या वतीने ठाकूर रावळ बैरीसाल यांनी सह्या केल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जगतसिंह मृत्यू पावले. तह मात्र संपला नाही, कारण तो वारस व उत्तराधिकारी यांनाही बांधणारा होता. सही करणारी व्यक्ती मर्त्य असते, पक्ष असलेले राज्य पुढे चालू राहते, हे तत्त्व येथे दिसते.

हे राज्य पुढे कसे विलीन झाले, तेही थोडक्यात पाहू. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाने संस्थानांचे ब्रिटिश राजसत्तेशी असलेले करार संपुष्टात आले. संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या करून संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपविले. जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह हे त्यांपैकी एक होते. पुढे ३० मार्च १९४९ रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते बृहद् राजस्थानचे उद्घाटन जयपूर येथे झाले. अशा करारांवरून उद्भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा संविधानाचा अनुच्छेद ३६३ आपण मुद्दाम वाचावा. कोणत्याही संस्थानिकाने केलेला आणि भारत सरकार किंवा त्याचे पूर्वाधिकारी सरकार ज्याचे पक्ष होते असा करार, ही त्याची मांडणी आहे. करार निष्पादित करणारा आणि पक्ष असणारा, असे दोन्ही शब्द संविधानाने तेथे वापरले आहेत.

आजचा आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो?

करारविषयक नियमांचे संकलन १९६९ च्या व्हिएन्ना करारात आहे. तो २७ जानेवारी १९८० पासून अंमलात आला. भारत या कराराचा पक्ष नाही, तथापि त्यातील अनेक नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानले जातात. परीक्षेच्या दृष्टीने त्यातील पुढील बाबी पक्क्या कराव्यात.

एक. सही कोण करू शकतो? राज्याच्या वतीने सही करणाऱ्याजवळ पूर्णाधिकारपत्र असावे लागते. राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना त्यांच्या पदामुळेच हा अधिकार असल्याने त्यांना असे पत्र लागत नाही (अनुच्छेद ७).

दोन. बांधिलकी कशी पत्करली जाते? त्यासाठी एकच मार्ग नाही. सही, कागदपत्रांची अदलाबदल, अनुसमर्थन, स्वीकृती, मान्यता, सामीलीकरण अथवा उभयपक्षी ठरलेला अन्य मार्ग, असे पर्याय आहेत (अनुच्छेद ११). करारात तशी तरतूद असेल तर केवळ सहीनेही राज्य बांधले जाते (अनुच्छेद १२). बहुतेक मोठ्या बहुपक्षीय करारांत मात्र सहीनंतर अनुसमर्थन आवश्यक असते.

तीन. सामीलीकरण म्हणजे काय? सहीची मुदत संपल्यानंतर किंवा सही न करताच एखादे राज्य थेट करारात प्रवेश करते, ते सामीलीकरण. आपल्या इतिहासातील 'सामीलनामा' या शब्दाशी त्याचे नाते आहे, म्हणून मी हा शब्द वापरतो. अधिकृत अनुवादांत अन्य पर्यायही आपल्याला आढळतील.

चार. पक्ष कोण? ज्या राज्याने करार पाळण्यास संमती दिली आहे आणि ज्याच्या बाबतीत करार अंमलात आलेला आहे, ते राज्य पक्ष होय. संमती दिली, पण करार अद्याप अंमलात यावयाचा आहे, अशा राज्याला 'करारकर्ते राज्य' म्हणतात. दोन्ही व्याख्या अनुच्छेद २ मध्ये आहेत.

पाच. केवळ सही करणाऱ्यावर काहीच बंधन नसते काय? असते. अनुसमर्थनाच्या अधीन राहून सही केलेल्या राज्याने, आपण पक्ष होणार नाही असे स्पष्ट करीपर्यंत, कराराचा हेतू व उद्दिष्ट विफल होईल असे कृत्य करू नये (अनुच्छेद १८). अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीवर ३१ डिसेंबर २००० रोजी सही केली आणि ६ मे २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांना पत्र पाठवून आपला पक्ष होण्याचा इरादा नसल्याचे कळविले. सहीला काहीच अर्थ नसता तर असे पत्र पाठविण्याचे प्रयोजन पडले नसते.

भारताची स्थिती : चार रकाने

आता या नियमांच्या आधारे भारताच्या करारांचे चार गट पाडू.

पहिला गट सही केली आणि पक्षही झालो, अशा करारांचा. पॅरिस करारावर भारताने २२ एप्रिल २०१६ रोजी सही केली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अनुसमर्थन दिले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर ३० मार्च २००७ रोजी सही झाली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन. त्या कराराला अनुसरून पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला.

दुसरा गट सही केली, पण पक्ष झालो नाही, अशा करारांचा. यातना व अमानुष वागणुकीविरुद्धच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन झालेले नाही. त्याच्याशी निगडित विधेयक २०१० मध्ये लोकसभेने संमत केले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही. येथे 'स्वाक्षरीकर्ता' हा शब्द काटेकोरपणे बरोबर आहे आणि 'पक्ष' हा शब्द चुकीचा आहे.

तिसरा गट सही केली नाही, तरीही पक्ष आहोत, अशा करारांचा. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामीलीकरणाने आला. बालहक्क करारात ११ डिसेंबर १९९२ रोजी, क्योटो प्रोटोकॉलमध्ये २६ ऑगस्ट २००२ रोजी. यांच्या बाबतीत 'भारत स्वाक्षरीकर्ता आहे' हे विधान तांत्रिकदृष्ट्या चुकीचे ठरते.

चौथा गट सहीही नाही आणि पक्षही नाही, अशा करारांचा. अण्वस्त्र प्रसारबंदी करार आणि सर्वंकष अणुचाचणी बंदी करार ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. १९५१ चा निर्वासितविषयक करार याच गटात येतो.

या गटांना जोडून दोन स्थानिक उदाहरणे देतो. जंतरमंतर २०१० मध्ये आणि जयपूरचे परकोटाबंद शहर २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. ज्या करारान्वये ही यादी केली जाते तो १९७२ चा करार. त्यात युनेस्कोच्या सदस्यांसाठी अनुसमर्थन किंवा स्वीकृती आणि इतरांसाठी सामीलीकरण, अशी रचना आहे. सहीचा स्वतंत्र टप्पाच नाही. भारताने त्याला नोव्हेंबर १९७७ मध्ये अनुसमर्थन दिले. म्हणून भारत या कराराचा 'पक्ष' आहे, असेच लिहावे. दुसरे उदाहरण जयपूरजवळच्या सांभर सरोवराचे. ते २३ मार्च १९९० रोजी रामसर स्थळ म्हणून नोंदविले गेले. पाणथळ प्रदेशांविषयीचा रामसर करार भारताच्या बाबतीत १ फेब्रुवारी १९८२ पासून अंमलात आहे. या करारात अनुसमर्थनाची अट न घालता केलेली सहीसुद्धा राज्याला पक्ष बनवू शकते, हे त्याचे वैशिष्ट्य. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभरमध्ये हजारो स्थलांतरित पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा या जबाबदारीची आठवण देशाला करून द्यावी लागली. यादीत नाव येणे हा गौरव असतो आणि पक्ष असणे ही जबाबदारी असते. दोन्ही एकत्र वाचावीत.

सही आणि अनुसमर्थन यांमधील अंतर : ४१ वर्षे

हे अंतर किती महाग पडू शकते याचे उदाहरण भारत आणि बांगलादेश यांच्या भूसीमा कराराचे आहे. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी त्यावर सह्या केल्या. करार अनुसमर्थनाच्या अधीन होता. बांगलादेशाने ते त्याच वर्षी दिले. भारताच्या बाजूला अडचण घटनात्मक होती. भूप्रदेश दुसऱ्या देशास द्यावयाचा तर संविधानात सुधारणा करावी लागते, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात दिले होते. शेख मुजीब यांची १९७५ मध्ये आणि इंदिराजींची १९८४ मध्ये हत्या झाली. दोन्ही स्वाक्षरीकर्ते गेले, करार कागदावरच राहिला.

दरम्यान परक्या देशाने वेढलेल्या भूखंडांत, म्हणजे छिटमहलांत, माणसे राहत होती. भारताचे असे १११ भूखंड बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ भारतात होते. तेथील पन्नास हजारांहून अधिक लोकांना ज्या देशाचे ते नागरिक मानले जात, त्या देशाची शाळा, दवाखाना वा पोलीस ठाणे गाठावयाचे तर आधी दुसरा देश ओलांडावा लागे. अखेर २०१५ मध्ये १०० वी संविधान सुधारणा झाली, ६ जून २०१५ रोजी ढाक्यात अनुसमर्थनपत्रांची अदलाबदल झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री भूखंडांचे हस्तांतरण झाले. १९७४ साली त्या भूखंडात जन्मलेले मूल तोपर्यंत ४१ वर्षांचे झालेले होते. 'करारावर स्वाक्षरी झाली' आणि 'करार अंमलात आला' या दोन वाक्यांतील फरक त्याच्या आयुष्याएवढा होता.

भटेरी गाव आणि अनुसमर्थनाचे बळ

याची दुसरी बाजू जयपूरच्या परिसरातच दिसते. भटेरी हे जयपूर जिल्ह्यातील गाव. राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन म्हणून काम करणाऱ्या तेथील एका महिलेने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम करणाऱ्या स्त्रीला कामामुळेच अशा संकटाला तोंड द्यावे लागले आणि तिला संरक्षण देणारा विशिष्ट कायदा देशात नव्हता. या घटनेनंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तो खटला 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' म्हणून ओळखला जातो.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. महिलांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याविषयीच्या करारावर भारताने ३० जुलै १९८० रोजी सही केली होती आणि १९९३ मध्ये काही निवेदने व एका आरक्षणासह अनुसमर्थन दिले होते. देशांतर्गत कायद्याशी विरोध नसेल आणि कायद्यात पोकळी असेल, तर मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना अशा कराराचा आधार घेता येतो, असे न्यायालयाने मानले. अनुच्छेद १४, १५, १९ आणि २१ यांच्या जोडीला या कराराला ठेवून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली गेली. संसदेचा कायदा २०१३ मध्ये आला, तोवर सोळा वर्षे हीच तत्त्वे कायद्यासारखी लागू होती. न्यायालयाने भर दिला तो भारताने दिलेल्या अनुसमर्थनावर आणि जाहीर केलेल्या बांधिलकीवर, ही गोष्ट आपण नीट लक्षात घ्यावी.

भारतात करार करण्याचा अधिकार संघ शासनाचा आहे. संघ सूचीतील नोंद १४ व अनुच्छेद ७३ हे त्याचे आधार. करार अंमलात आणण्यासाठी संपूर्ण देशाकरिता कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेला देतो. आंतरराष्ट्रीय कायदा व करारातील बंधने यांविषयी आदरभाव वाढविणे हे अनुच्छेद ५१ (ग) नुसार राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. या चार तरतुदी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

कार्यालयातील स्वाक्षरीकर्ता

आपल्यापैकी अनेकजण उद्या अधिकारी होतील आणि रोज सह्या करतील. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय उघडा. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे शब्द असतात आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही. निर्णय राज्यपालांच्या नावे, सही अधिकाऱ्याची. त्याचा आधार अनुच्छेद १६६ मध्ये आहे. शासकीय कंत्राटांसाठी अनुच्छेद २९९ आहे. कंत्राट राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावे व्यक्त केलेले असले पाहिजे, त्यांनी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीने ते निष्पादित केले पाहिजे, आणि अशा कंत्राटाबद्दल राष्ट्रपती, राज्यपाल वा सही करणारा अधिकारी व्यक्तिशः जबाबदार धरला जात नाही.

ही औपचारिकता पाळली नाही तर काय होते, ते 'सेठ बिखराज जयपुरिया विरुद्ध भारत संघ' या १९६१ च्या निकालात दिसते. रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाने धान्यखरेदीची मागणीपत्रे दिली होती. ती तत्कालीन कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या नावे नव्हती. सही खरी होती, व्यवहारही झाला होता, परंतु असे कंत्राट शासनाविरुद्ध अंमलात आणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. सही करणाऱ्या अधिकाऱ्याची एक ओळ सुटली आणि नुकसान व्यापाऱ्याचे झाले. म्हणून मसुद्यातील 'करिता', 'च्या वतीने', 'च्या नावाने' या शब्दांना किरकोळ समजू नका.

याच संदर्भात सामंजस्य करारांचा उल्लेख केला पाहिजे. गुंतवणूक परिषदांत असे करार मोठ्या संख्येने होतात. जयपुरात ९ ते ११ डिसेंबर २०२४ या काळात झालेली 'रायझिंग राजस्थान' परिषद हे अलीकडचे उदाहरण. सामंजस्य करार हा सर्वसाधारणपणे इराद्याचे निवेदन असतो. त्यावर सही झाली म्हणजे कारखाना उभा राहिला असे नव्हे. जमीन, पाणी, परवाने आणि भांडवल या पुढच्या पायऱ्या आहेत. विकासाच्या आकडेवारीवर निबंध लिहिताना सह्यांची बेरीज आणि प्रत्यक्ष गुंतवणुकीची बेरीज वेगवेगळी मांडावी.

उत्तर लिहिताना

शेवटी काही व्यावहारिक सूचना. करार दिसला की स्वतःला पाच प्रश्न विचारा. सही केव्हा झाली? अनुसमर्थन किंवा सामीलीकरण केव्हा झाले? करार अंमलात केव्हा आला? भारताने कोणती आरक्षणे वा निवेदने नोंदविली? आणि त्याला अनुसरून देशात कोणता कायदा झाला? या पाच उत्तरांची एक ओळ आपल्या टिपणवहीत असली म्हणजे बहुपर्यायी प्रश्न आणि दीर्घोत्तरी प्रश्न दोन्हींची तयारी होते. खात्री नसेल तेव्हा 'भारत या कराराशी संबंधित आहे' असे मोघम लिहू नका, मूळ तारखा पाहून घ्या. भारत खरोखर कराराने बांधला गेलेला असेल तर 'पक्ष' किंवा 'पक्षकार देश' लिहा. केवळ सही झालेली असेल तरच 'स्वाक्षरीकर्ता' म्हणा. व्यक्ती आणि राज्य यांचीही गल्लत करू नका. १९७४ च्या करारावर इंदिराजींनी सही केली, पण बांधला गेला तो भारत.

मित्रहो, आपल्या समाजात दिलेल्या शब्दाला मोल आहे, आणि लिहून दिलेल्या शब्दाला अधिक. तो शब्द कोणी दिला, कोणाच्या वतीने दिला, आणि तो पाळण्याची जबाबदारी कोणावर आली, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थी असतानाच लावून घ्यावी. उद्या एखाद्या गावच्या पाणीयोजनेच्या, एखाद्या शाळेच्या इमारतीच्या अथवा एखाद्या पुनर्वसन प्रकल्पाच्या कागदावर आपली सही असेल. तेव्हा त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसांना सहीनंतरच्या शिक्कामोर्तबासाठी फार काळ वाट पाहावी लागू नये, एवढी काळजी आपण घ्याल असा मला विश्वास वाटतो. आपणा सर्वांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.